घाटात न फुटलेला टायर

मित्रांनो, मला जुना टायर म्हणा, माझी हरकत नाही. पण मी म्हातारा होऊन जुना झालेलो नाही. माझ्या वयाचे टायर आज मजेत रस्ते तुडवत आहेत आणि मी मात्र इथे पाली गावाच्या शिवारात, मेंढरांच्या वाड्याशेजारी पडून आहे. पडून राहणं माझ्या स्वभावातच नाही. काही माणसांच्या पायाला भिंगरी असते म्हणतात. मला तर पायच नाहीत, मी नुसती भिंगरी आहे! म्हणून पडल्या पडल्या माझ्या जिवाची घालमेल होते आणि मग मला कुणाशी तरी बोलावंसं वाटतं. आज तुम्ही सापडलात.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. रबर, मजबूत धाग्यांचे थर आणि पोलादाच्या बारीक तारा एकावर एक बसवून माझं अंग तयार झालं. मग मला तापलेल्या साच्यात दाबलं. बाहेर आलो तेव्हा अंगावर नक्षीसारख्या खाचा होत्या आणि कडेला माझं माप उमटलेलं होतं. मापाच्या पुढे एक आकडा होता, ८२, आणि त्याला चिकटून एक अक्षर. बहुतेक लोक माप वाचतात आणि तिथेच थांबतात. पुढचा आकडा वाचायचा त्यांना कंटाळा येतो.

तो आकडा म्हणजे माझी ताकद, मित्रांनो. ब्याऐंशी म्हणजे ब्याऐंशी किलो नव्हे बरं का! तो एक ठरलेला क्रमांक आहे. तक्त्यात त्याच्यापुढे लिहिलेलं असतं, चारशे पंच्याहत्तर किलो. हवा बरोबर असेल तर मी एकटा एवढं ओझं पेलू शकतो. शेजारचं अक्षर किती वेगापर्यंत पळावं ते सांगतं. गाडी कंपनीतून निघते तेव्हाच तिला कुठल्या आकड्याचा टायर लागतो हे ठरलेलं असतं. त्यापेक्षा मोठ्या आकड्याचा बसवला तर चालतं, लहान मात्र बसवायचा नाही. गोष्ट एवढी साधी आहे. पण साध्या गोष्टीच माणसांच्या नजरेतून निसटतात.

मांजरसुंब्याच्या चौकात, ढाब्यांची ओळ संपते तिथे उत्तरेश्वर नावाच्या माणसाचं टायरचं दुकान आहे. तिथल्या घोडीवर, म्हणजे टायर मांडायच्या लोखंडी चौकटीवर, मला आणून ठेवलं आणि माझे हाल सुरू झाले. समोरून दिवसभर गाड्या जात होत्या. बीडकडून येणारी, अहिल्यानगरकडे वळणारी, अंबाजोगाईला निघालेली प्रत्येक गाडी मला खिजवून जायची. माझ्या शेजारी अगदी माझ्याच मापाचा एक टायर होता. दिसायला जुळा भाऊ, पण आतून जास्त दणकट बांधलेला. त्याच्या अंगावर ८६ लिहिलं होतं. तो पाचशे तीस किलो पेलायचा. एके दिवशी त्याला आणि त्याच्या जोडीदाराला गिऱ्हाईक मिळालं आणि मी हेव्याने नुसता धुमसत राहिलो.

दुसऱ्याच दिवशी बंकट आला. बंकट मेंढपाळ. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी आणि हातात कुऱ्हाड. झाडाच्या फांद्या तोडायला ती त्याच्याजवळ कायम असायची. पूर्वी त्याचं बिऱ्हाड घोड्यांवर लादून गावोगाव फिरायचं. आता त्यानं घोडी विकून सात माणसांची एक जुनी गाडी घेतली होती. मेंढरं पायी पुढे जायची, आणि भांडी, अंथरुणं, नुकती जन्मलेली कोकरं आणि बंकटची बायको कडूबाई गाडीतून मागून जायची. गाडीचे मागचे दोन्ही टायर पार गुळगुळीत झाले होते.

उत्तरेश्वरनं गाडीचं दार उघडलं आणि दारालगतच्या खांबावर चिकटवलेली कंपनीची चिठ्ठी दाखवली.

"बंकटराव, तुमच्या गाडीला शहाऐंशीचा टायर लागतोय. माझ्याकडं आज ब्याऐंशीचेच हायती. परवा या."

"परवा? मेंढरं म्होरं गेली बी. माझा भाऊ नाथा तिकडं वाट बघत बसलाय." बंकट थेट माझ्याकडं आला. त्यानं माझ्या खाचेत नख घातलं, दुसऱ्या खाचेत घातलं, आणि त्याचा चेहरा खुलला. "ह्येचे दात बघा की शेठ. आदत हाय, आदत!"

अजून दुधाचे दात न पाडलेल्या कोवळ्या जनावराला बाजारात आदत म्हणतात. बंकटनं जन्मभर तोंड उघडून, दात बघून जनावरं पारखली होती. वडवणीच्या बाजारात लोक त्याला मुद्दाम सोबत न्यायचे. त्याची नजर चुकत नाही, असा त्याचा लौकिक होता. त्याच नजरेनं त्यानं मला जोखलं. खाचा खोल, म्हणजे टायर तरणा. तरणा, म्हणजे ताकदीचा.

"टायरला जित्राबावाणी बघू नका," उत्तरेश्वर म्हणाला. "दात नवं असले तरी ह्येची पाठ तुमच्या ओझ्याची न्हाई."

"मला जित्राब शिकवताव व्हय? बसवा. आन् हवा जरा कडक मारा, म्हंजी वजन धरंल."

मी ओरडून सांगणार होतो की हवा कितीही कोंबली तरी ब्याऐंशीचे शहाऐंशी होत नाहीत. पण टायरला तोंड कुठलं! उत्तरेश्वरला तोंड होतं. तो मात्र गिऱ्हाईक हातचं जाईल म्हणून मूग गिळून गप्प बसला. खरं सांगू का? मलाही मनातून आनंदच झाला होता. घोडीवरून सुटका होत होती ना! मला आणि माझ्या जोडीदाराला मागच्या चाकांवर बसवलं आणि आम्ही सुसाट निघालो.

पहिले काही आठवडे सुखाचे गेले. ओझं बेताचं होतं. माळरानाचे रस्ते, उसाच्या फडांच्या कडेची धुळीची वाट, पालीच्या धरणावरचा गार वारा, सगळं मी अंगाखालून घातलं. कडूबाई गाडीतून उतरताना मला हात लावून नमस्कार करायची. बंकट बाजारात भेटेल त्याला सांगायचा, "म्या निवडलाय टायर. दुकानदार नगं म्हनत होता!" कौतुक ऐकून मी फुगायचो, हवेपेक्षाही जास्त.

मग ओझं वाढू लागलं. बंकट वाईट माणूस नव्हता, मित्रांनो. त्याचा हिशोब घोड्याचा होता, एवढंच. घोड्यावर ओझं जास्त झालं की घोडं कान पाडतं, अडतं, शेवटी खाली बसतं. मग मालक एक गाठोडं कमी करतो. बंकट माझ्याकडूनही तशाच खुणेची वाट बघत होता. मी कुरकुरत नाही, म्हणजे मला झेपतंय. म्हणून आधी पिठाची पोती वाढली, मग मेंढरांच्या वाड्याला लावायच्या जाळ्या, मग लंगडी मेंढी, आणि शेवटी पाण्यानं भरलेलं भलंमोठं पिंप. "कोकराचं काय वजन असतंय?" असं म्हणत तो एकेक कोकरू आत देत जायचा. आणि हे सगळं कुठे? गाडीच्या मागच्या अंगाला, म्हणजे आम्हा दोघांच्याच डोक्यावर. पुढचे दोन टायर आरामात आणि आमची कंबर वाकलेली.

ओझं झेपेनासं झालं की टायरची कड प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते. दबते, सुटते, पुन्हा दबते. तार वाकवून वाकवून तोडताना ती कशी तापते ते तुम्ही बघितलं असेल. तसंच आतून माझं अंग तापू लागलं. एके दिवशी माझ्यात एक धागा तुटला. मग दुसरा. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. माझे दात शाबूत होते! रस्ता दिसला की जो मी उतावीळ व्हायचो, तो आता गाडीचं दार उघडलं तरी दचकायचो. आज कोण बसणार? किती बसणार? मला चैन पडेना.

आणि मग घाटाचा दिवस आला. पालीहून मांजरसुंब्याकडे चढण लागते. ऊन मी म्हणत होतं. नाथा मेंढरं घेऊन पहाटेच वर गेला होता. बंकट गाडी हाकत होता आणि मागे कडूबाई पिंपाला पाठ लावून कोकरांमध्ये बसली होती. चढणीला सगळं ओझं आणखी मागे सरकलं. पलीकडच्या चाकावर माझा जोडीदार होता. कारखान्यापासून आम्ही सोबत होतो. त्याचा आवाज बदललेला मला कळला. अरे, थांबव, थांबव, असा माझा जीव तळमळत होता, पण बंकट आपल्या तंद्रीत होता.

तो फुटला. घाटात बार उडाल्यासारखा आवाज झाला आणि गाडी एका अंगावर झुकून डोंगराच्या बाजूला घासत थांबली. दरी दुसऱ्या बाजूला होती, मित्रांनो. एवढंच आमचं नशीब.

"अवो, पिंप उचला! पिंपाखाली कोकरू हाय!" कडूबाई ओरडत होती. तिचा स्वतःचा हात मनगटाच्या वर वाकडा झाला होता, तिकडं तिचं लक्षच नव्हतं. बंकटनं पिंप ढकललं. कोकरू मान टाकून पडलं होतं. ते आधल्याच आठवड्यात जन्मलं होतं, भुऱ्या रंगाचं. कडूबाईनं ते चांगल्या हातानं पोटाशी धरलं आणि कुणी कितीही सांगितलं तरी सोडलं नाही. बीडच्या दवाखान्यात न्यायला एक गाडी थांबली, तेव्हा ती त्याला घेऊनच बसली.

निरोप मिळताच उत्तरेश्वर वरून शहाऐंशीचे दोन टायर घेऊन आला. त्यानं मलाही काढलं आणि माझ्या आत हात घालून चाचपलं. त्याचा चेहरा उतरला.

"बंकटराव, ह्यो बी आतून गेलाय. बोट घाला, धागं तुटलेलं लागत्यात. ह्येला आता कुठल्याच गाडीला लावू नका. कवा फुटंल सांगता यायचं न्हाई." मग मला खाली ठेवत तो म्हणाला, "त्या दिवशी म्या द्यायलाच नको हुता."

बंकटनं बोट घालून बघितलं. पण वर ढाब्यावर जमलेल्या लोकांनी कसं झालं म्हणून विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "दगड आला चाकाखाली." कुणालाही ते पटण्यासारखं होतं. दुकानात मला ठेवलं तर उत्तरेश्वर येणाऱ्या-जाणाऱ्याला माझं पोट उघडून दाखवेल, ही त्याला धास्ती. म्हणून त्यानं मला गाडीत टाकलं आणि पालीच्या घरी आणून भिंतीला टेकवून ठेवलं.

तेव्हापासून माझं भलतंच कौतुक सुरू झालं. कडूबाईला भेटायला येणारा प्रत्येक जण माझ्यापाशी थांबायचा. "एक फुटला, पर ह्या दुसऱ्यानं गाडी धरली. बंकटची पारख, दुसरं काय!" बंकट मान खाली घालायचा आणि लोकांना तो विनय वाटायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. त्या मुठीत काय होतं ते त्या घरात आम्हा दोघांनाच ठाऊक आहे, असं मला वाटायचं. बंकट रात्री ताटावरून तसाच उठायचा आणि मी भिंतीशी उभा राहून विचार करायचो, हा मला इथून कधी हलवणार?

हलवायला आला त्याचा जावई.

बंकटची लेक उज्ज्वला वडवणीला दिली होती. ती, तिचा नवरा अंगद आणि त्यांचं तान्हं बाळ आपल्या छोट्या गाडीतून कडूबाईला बघायला आले. जेवणं झाली. जायच्या वेळी अंगदची नजर माझ्यावर पडली. तो वाकला. आणि काय सांगू मित्रांनो, जन्मात पहिल्यांदा एखादं गिऱ्हाईक माझ्या खाचा सोडून माझी कड वाचत होतं! त्यानं माप वाचलं, आकडा वाचला, अक्षर वाचलं, बनावटीचं सालसुद्धा शोधलं.

"मामा, ब्याऐंशी हाय ह्यो! माझ्या गाडीला बराबर हेच लागतंय. माप बी तेच. तुमच्या गाडीला आता कामाचा न्हाई, मग मी नेऊ का? माझा मागचा पार घासलाय. वाटेत बसवून घेतो."

अंगदचं काय चुकलं? काहीच नाही. जे लिहिलेलं होतं ते सगळं त्यानं नीट वाचलं. त्याच्या गाडीला माझा आकडा अगदी चोख बसत होता. पण तो आकडा माझ्या जन्माच्या दिवसाचा होता. त्यानंतर माझ्यावर काय काय लादलं गेलं, हे माझ्या अंगावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते आता फक्त बंकटच सांगू शकत होता.

मी बंकटकडं बघत होतो. सांग ना बाबा, आता तरी सांग! पण समोर जावई उभा होता. जावयानं पहिल्यांदाच काही मागितलं होतं आणि नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागणार होतं. कारण दिलं की दगड खोटा पडणार, पारख खोटी पडणार, आणि कडूबाईचा हात कुणामुळे मोडला ते उघडं होणार.

"न्या," बंकट म्हणाला. "न्या की."

अंगदनं मला उचललं आणि डिकीत टाकलं. डिकीचं झाकण मिटलं. अंधारात मला पुढच्या सीटवरचं बाळाचं हुंकारणं ऐकू येत होतं. उज्ज्वला त्याला थोपटत होती. बीड ओलांडून वडवणीपर्यंतचा रस्ता, भरधाव गाड्या, आणि मागच्या चाकावर मी! घाटात मी फुटलो नव्हतो, पण त्या अंधारात भीतीनं फुटेन असं मला वाटलं. गाडी सुरू झाली. हलली सुद्धा.

"थांबा! पाव्हणं, थांबा!"

बंकट धावत आला. डिकी उघडली. त्यानं मला बाहेर ओढून जमिनीवर आपटलं, कुऱ्हाड उचलली आणि माझ्या कडेवर घाव घातला. एक, मग दुसरा, मग मोजायचं भान कुणालाच राहिलं नाही. उज्ज्वला बाळाला घट्ट धरून ओरडली, "अण्णा, काय करताव ह्ये?" अंगद खाली उतरला होता, तो दोन पावलं मागं सरला.

माझं अंग उघडं पडलं. आतले तुटके धागे उन्हात बाहेर आले. बंकट त्यांच्याकडं बोट दाखवून म्हणाला, "बघा पाव्हणं. ह्ये बघा. दगड-बिगड काय न्हवता. दुकानदारानं सांगितलंतं, ह्यो तुमच्या ओझ्याचा न्हाई. म्या ऐकलं न्हाई. ओझं म्या घातलं. हिचा हात म्या मोडला. आन् आता तोंड लपवायला म्या माझ्या लेकीच्या गाडीला ह्यो..."  तो तिथंच मातीत बसला आणि मोठ्या माणसांनी रडू नये असं म्हणतात तसा रडला.

 मग ओट्यावरून कडूबाईचा आवाज आला. गळ्यात बांधलेला प्लास्टरचा हात सांभाळत ती उठली होती.

"मला तवाच कळलंतं," ती म्हणाली. "म्या चाकावरच बसलते की. दगड आला असता तर फुटायच्या आधी मला खालनं हादरा बसला नसता व्हय?"

"मग कावून बोलली न्हाईस?"

"तुमच्या तोंडून ऐकायचं हुतं." ती उज्ज्वलाकडं वळली. "उतर गं खाली. पाव्हणं, तुमी बी या. उज्ज्वले, तुझ्या बापाला ताट वाढ. घाट झाल्यापासनं धड जेवला न्हाई तो."

अंगद गाडीतून चावी काढून आला. त्यानं सासऱ्याला हाताला धरून उठवलं आणि हळू आवाजात म्हणाला, "मामा, वडवणीला गेलो की पयला नवा टायर घेतो. तुमी बी चला संगं. दात तुमी बघा, आकडा मी बघतो." बंकटला रडता रडता हसू आलं.

मित्रांनो, घाव लागले तेव्हा मला दुखलं नाही असं मी म्हणणार नाही. धावण्यासाठी जन्मलेल्याला धावणं कायमचं बंद झालं, याचं दुःख मोठं असतं. पण माझ्यामुळे कुणाचं बाळ रस्त्यावर पडणार नाही, हे कळल्यावर मला जसं मोकळं वाटलं तसं भर वेगातसुद्धा कधी वाटलं नव्हतं. आता माझी शाबूत कड खाली करून मला आडवं टाकलंय; त्या अर्ध्या अंगात पाणी भरून ठेवतात आणि कोकरं येऊन पितात.

तुम्हाला माझं एकच मागणं आहे. घरी गाडी असेल तर दाराच्या खांबावरची चिठ्ठी वाचा आणि टायरवरचा आकडा तिच्याशी ताडून बघा. हवा वेळच्या वेळी मोजा. गाडीत माणसं आणि सामान भरताना आमचीही आठवण ठेवा, कारण आम्हाला अडून बसता येत नाही. आणि आपला जुना टायर कुणाला देताना त्यानं काय सोसलंय ते लपवू नका. सांगायला लाज वाटेल, पण सांगा.

पलीकडच्या रस्त्यावरून दिवसभर गाड्या जातात. चाकांचा आवाज आला की मी अजूनही अस्वस्थ होतो. इथून उठून त्या प्रत्येक टायरच्या मागे धावावं आणि त्याला विचारावं असं वाटतं, बाबा रे, तुझ्यावर आज कोण कोण बसलंय? आणि बसण्याआधी त्यांच्यापैकी कुणी तुला वाचलंय का?